तुमचे प्रश्न : स्वतःचं सॉफ्टवेअर विकायचंय

मागच्या अंकात मी माझ्या धंद्याविषयी दोन पानं लिहिली होती. २००९ पासून ठाण्यात, नौपाड्यातल्या एका खोलीतून मी सहकारी गृहनिर्माण संस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करते. मेंटेनन्सची बिलं, पावत्या, थकबाकी, सभासदांचं रजिस्टर, असं सगळं. मी आणि एक सहकारी, बाहेरचं भांडवल नाही. त्यावर पत्रं आणि मेल बरीच आली. जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथे घेतले आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम दिलेली नाहीत, कारण बरेच जण अजून नोकरीत आहेत.

ताई, मी ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये सात वर्षं नोकरी करतोय. रात्री बसून खासगी क्लासेससाठी फी आणि हजेरीचं सॉफ्टवेअर बनवलंय. कोपरखैरणेतले चार क्लासवाले ते वापरतात. नोकरी सोडू का? घराचा हप्ता चालू आहे. (ऐरोली)

नोकरी सोडायचं नंतर पाहू. आधी हे सॉफ्टवेअर तुमचं आहे का ते बघा. रुजू होताना सही केलेलं करारपत्र आज रात्रीच काढा आणि शेवटच्या पानापर्यंत वाचा. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणकाचा प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो, आणि कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेली कृती, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाऱ्याच्या मालकीची होते. क्लासचं सॉफ्टवेअर तुमच्या कामाचा भाग नव्हतं असं तुम्ही म्हणाल, आणि ते बरोबरही असेल. पण बऱ्याच कंपन्यांची करारपत्रं कायद्यापेक्षा पुढे जातात. नोकरीत असेपर्यंत जे काही बनवाल ते कंपनीचं, आणि दुसरं कमाईचं काम करायचं नाही, असं त्यात लिहिलेलं असतं. २०२२ मध्ये नोकरीबरोबरच्या या दुसऱ्या कामावरूनच आयटीत केवढा गदारोळ झाला ते तुम्ही आतून पाहिलं असेल. तसं कलम असेल तर लेखी परवानगी मागा, नाहीतर वकिलाला एकदा फी देऊन करारपत्र दाखवा. आणि कंपनीच्या लॅपटॉपवर यातली एक ओळही लिहिली असेल तर ते आजपासून थांबवा.

आता नोकरीचं. चार क्लासवाले "वापरतात" असं तुम्ही लिहिलंय, "पैसे देतात" असं लिहिलेलं नाही. या आठवड्यात चौघांकडे पैसे मागा. रक्कम लहान चालेल, पण त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आली पाहिजे. मी नोकरी सोडली तेव्हा अकरा संस्था पैसे देत होत्या, वर्षभराचा घरखर्च बँकेत होता आणि नवऱ्याचा पगार चालू होता. हे तिसरं मी मुद्दाम सांगते, कारण यशाच्या गोष्टी सांगताना लोक नेमकं तेवढंच गाळतात.

तुमच्या धंद्याचा हंगामही ओळखा. क्लासवाल्यांचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, प्रवेश आणि फीचे हप्ते एप्रिल-मेमध्येच ठरतात. त्या दोन महिन्यांत विकलंत तर विकलंत, ऑगस्टमध्ये त्यांना तुमच्याशी बोलायला वेळ नसतो. शिवाय तुमच्या सॉफ्टवेअरने अजून पूर्ण वर्ष पाहिलेलं नाही. दिवाळीनंतर मुलगा क्लास सोडतो आणि वडील फी परत मागतात, दोन भावंडांना मिळून सवलत असते, एक हप्ता रोख आणि एक यूपीआयने येतो. हे सगळं एकदा अंगावरून जाऊ द्या. तोपर्यंत पगार सोडू नका.

तुर्भ्याला एपीएमसी मार्केटमधल्या गाळेवाल्यांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतोय. सगळे म्हणतात, "एकदाच काय ते घ्या, दरवर्षी कशाला?" एकरकमी ठेवू की वर्षाचं? आणि पैसे वसूल कसे करू? (सानपाडा)

वर्षाचं. मी आठ वर्षं एकरकमी विकलं आणि त्याची किंमत मोजली, म्हणून इतक्या ठामपणे सांगते.

माझं सॉफ्टवेअर ८,००० रुपयांना होतं. एकदा भरायचे आणि विषय संपला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. संस्थेची उलाढाल वीस लाखांवर असेल आणि सभासदाचं महिन्याचं मेंटेनन्स ५,००० रुपयांच्या वर जात असेल तर कर लावायचा, असा नियम होता. मी महिनाभर रात्री जागून बिलाचा सगळा भाग पुन्हा लिहिला. जानेवारी २०१८ मध्ये ती मर्यादा ७,५०० झाली, पुन्हा बदल. मग प्रश्न आला की बिल ८,००० चं असेल तर कर पूर्ण ८,००० वर, की वरच्या ५०० वर? २०१९ मध्ये सरकारच्या परिपत्रकाने सांगितलं की पूर्ण रकमेवर. २०२१ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने सांगितलं की फक्त वरच्या रकमेवर. प्रत्येक वेळी संस्थांचे फोन आले, "तुमच्यात ते अपडेट झालं का?" त्यांचं काहीच चुकत नव्हतं. त्यांनी २०११ मध्ये आठ हजार दिले होते आणि सॉफ्टवेअर कायद्याप्रमाणे चालेल असं मी सांगितलं होतं. किती वर्षं चालेल हे मात्र मी सांगितलं नव्हतं, स्वतःलाही विचारलं नव्हतं.

या बदलांपैकी पहिले दोन मी फुकट केले. २०१८ मध्ये सगळ्या ६४ संस्थांना पत्र पाठवलं, की यापुढे वर्षाला ३,६०० रुपये एएमसी, म्हणजे देखभालीची वार्षिक फी. १९ संस्था सोडून गेल्या. काही खजिनदार फोनवर खूप बोलले आणि मला ते निमूट ऐकावं लागलं, कारण अर्ध्यात नियम मी बदलत होते. तुम्ही अजून सुरुवातच करताय. पहिल्या गिऱ्हाइकाला पहिल्या दिवशीच वर्षाचा भाव सांगितलात तर असं पत्र पाठवायची वेळ तुमच्यावर येणार नाही. आडत, हमाली, तोलाई, बाजार फी, यातलं काहीतरी दरवर्षी बदलतंच. ते बदल करून द्यायचे हे पैसे आहेत, असं गाळेवाल्याला त्याच्या शब्दांत सांगा. तो रोज भाव बदलताना पाहतो, त्याला ते कळतं.

भाव ठरवताना दुसऱ्याची वेबसाइट पाहून १९९ महिना असं काही लिहू नका. माझ्या वहीत नोंद आहे, एक संस्था वर्षाला माझे सरासरी सहा तास घेते. डेमो धरलेला नाही. त्यातले चार मार्च-एप्रिलमध्येच जातात. तुमच्या गाळेवाल्यांचे तास दोन महिने मोजा आणि त्यावरून भाव काढा. तुमची स्वतःची उलाढाल वीस लाखांखाली असेपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, पण कोटेशनवर "अधिक लागू कर" हे आजपासूनच लिहा. नोंदणी केल्यावर १८ टक्के एकदम वाढले तर गिऱ्हाइकाला ते तुम्ही वाढवल्यासारखे वाटतात.

वसुलीबद्दलही तुम्ही विचारलंय. ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने कार्डावरून ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या वजावटीला आधी मंजुरी आणि चोवीस तास आधी सूचना लागते. पुढे जून २०२२ मध्ये १५,००० रुपयांपर्यंत दर वेळच्या ओटीपीची गरज उरली नाही. गाळेवाल्याला यूपीआय ऑटोपे, म्हणजे यूपीआयवरची अशीच आपोआप वजावट, चालेल. माझ्या संस्थांना ते चालत नाही, कारण त्यांच्या चेकवर दोन सह्या लागतात आणि सेक्रेटरी व खजिनदार महिन्यातून एकदाच एका टेबलावर बसतात. म्हणून माझं बिल त्यांच्या कमिटीच्या सभेच्या आठवडाभर आधी पोचतं.

एक गोष्ट मात्र लेखी द्या. पैसे भरणं थांबवलं तरी जुनी बिलं बघता आणि छापता येतील. नवीन बिलं थांबवा, हरकत नाही. जुना हिशेब त्यांचा आहे, तो ओलीस ठेवायचा नाही.

प्ले स्टोअरवर ॲप टाकायला पैसे किती, वेळ किती? (नेरूळ)

नोंदणीचे २५ डॉलर, एकदाच. ॲपलकडे वर्षाला ९९ डॉलर. वेळेचा हिशेब मात्र आधी करा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर उघडलेल्या वैयक्तिक खात्याला गूगल आधी बंद चाचणी करायला लावतं. सुरुवातीला वीस माणसं लागत, आता बारा लागतात, आणि ती सलग चौदा दिवस चाचणीत राहिली पाहिजेत. नातेवाइकांची नावं घालून मोकळं होऊ नका. जी बारा माणसं हे ॲप खरंच वापरतील तीच घ्या, दोन आठवड्यांत तुम्हाला पुष्कळ काही कळेल.

घोडबंदर रोडवरच्या एका मोठ्या संकुलाने आमचं सॉफ्टवेअर पसंत केलंय, पण त्यांना पार्किंग, क्लबहाउस बुकिंग, गेटवरची नोंद असं सगळं हवंय. पैसे चांगले देतायत. वर सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, मागतायत. (मानपाडा)

मी एकदा हे केलंय. सात टॉवरच्या संकुलासाठी फिरत्या पार्किंगची चिठ्ठी काढण्याचं काम घेतलं. दोन महिन्यांचं काम सहा महिने चाललं, कारण नियम कमिटीतच ठरलेले नव्हते आणि प्रत्येक सभेनंतर बदलत होते. त्या सहा महिन्यांत बाकीच्या संस्थांचे फोन माझ्या सहकाऱ्याने एकटीने घेतले. पैसे चांगले मिळाले, पण पुढच्या वर्षी कमिटी बदलली आणि नव्या कमिटीने तो भाग बंद केला. तो कोड मी आणखी चार वर्षं सांभाळला, एकाही माणसासाठी नाही.

तेव्हापासून मी एकच गोष्ट विचारते, हे माझ्या दुसऱ्या दहा गिऱ्हाइकांना लागेल का? लागणार असेल तर करते, आणि ते सगळ्यांना मिळेल असं आधी सांगते. लागणार नसेल तर सरळ नाही म्हणते, आणि गेटच्या नोंदीचं काम करणारे दुसरे कोण आहेत ते सुचवते. तुम्ही करणारच असाल तर नियम कमिटीच्या ठरावात लिहून, सही होऊन हातात आल्याशिवाय एक ओळही लिहू नका.

सोर्स कोडचं. तुम्ही त्यांचे नोकर नाही, म्हणून लेखी हस्तांतर केलं नाही तर कॉपीराइट तुमचाच राहतो. हस्तांतर केलंच तर मुदत आणि प्रदेश कागदावर लिहा. कलम १९ प्रमाणे मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण आधी त्यांना विचारा की सोर्स कोड कशासाठी हवाय. बहुतेक वेळा तुम्ही गायब झालात तर काय, एवढीच त्यांची भीती असते. त्यावर दुसरा उपाय आहे, तो शेवटच्या उत्तरात वाचा.

माझ्या सॉफ्टवेअरमधल्या चुकीमुळे एका दुकानदाराचा स्टॉक तीन महिने चुकीचा दिसत होता. त्याला अजून कळलेलं नाही. मी गुपचूप अपडेट देऊन टाकू का? (ठाणे पूर्व)

नाही. आज फोन करा.

२०१३ च्या पावसाळ्यात विष्णूनगरमधले एक निवृत्त बँक अधिकारी आमच्या खोलीवर आले. ते त्यांच्या इमारतीचे खजिनदार होते. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत एकाच सभासदाची चार तिमाही बिलं, आणि प्रत्येक बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने मांडलेली गणितं. त्यांनी छत्री दाराशी ठेवली, बिलं टेबलावर ओळीने लावली आणि विचारलं, "मॅडम, तुमचं मशीन व्याजावर व्याज लावतंय का?"

थकबाकीवर सरळव्याज, आणि तेही वर्षाला २१ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, असं संस्थेच्या उपविधींत, म्हणजे नियमावलीत, स्पष्ट होतं. त्या सभासदाची थकबाकी १२,००० होती. तिमाहीचं व्याज ६३०. पहिल्या बिलात ६३० बरोबर होते. दुसऱ्या बिलात ६६३ आले होते. माझं सॉफ्टवेअर न भरलेलं व्याज "मागील बाकी" या रकान्यात घालत होतं आणि पुढच्या तिमाहीला त्या अख्ख्या रकान्यावर व्याज काढत होतं. मुद्दल आणि व्याज यांचे रकाने मी वेगळे ठेवलेच नव्हते. वर्षाला २,५२० व्हायला हवे होते तिथे २,७२५ झाले होते. २०५ रुपयांचा फरक, आणि तो त्यांनी पेन्सिलीने शोधला होता.

मी त्यांच्यासमोरच चूक कबूल केली. दोन दिवसांत सगळ्या संस्थांना फोन केले. २३ संस्थांमध्ये थकबाकीदारांना जास्त व्याज लागलं होतं. प्रत्येकासाठी सभासदवार यादी काढली, किती जास्त घेतलं आणि पुढच्या बिलात किती वजा होईल, आणि ऑडिटरला दाखवायला माझ्या सहीचं पत्र जोडलं. सगळ्यात वाईट वाटलं ते एका सेक्रेटरीच्या बोलण्याने. त्यांनी एका विधवा बाईंना त्या व्याजावरून सभेत सुनावलं होतं, आणि आता माफी मागायला त्यांना तिच्या दारी जावं लागणार होतं. एक संस्था सोडून गेली. बाकीच्या राहिल्या.

म्हणून सांगते, दुकानदाराने त्या चुकीच्या स्टॉकवर माल मागवलाय, कदाचित गड्यावर संशयही घेतलाय. तुम्ही गप्प राहिलात तर तो संशय तसाच राहील. फोन करा, तीन महिन्यांची दुरुस्त यादी घेऊन दुकानात जा, आणि त्याच्याबरोबर बसून माल मोजा. आणि आता कोडमध्ये एक कायमची तपासणी घाला. त्या चार बिलांचे आकडे आजही माझ्या चाचणीत आहेत. दरवेळी नवी आवृत्ती काढताना १२,००० वर चार तिमाहींचे २,५२० आले नाहीत तर ती बाहेर जात नाही.

महिला बचत गटांसाठी हिशेबाचं ॲप करतेय. मुलं म्हणतात इंग्रजीतच कर, मराठीत कटकट फार. (कळवा)

मराठीतच करा. कटकट आहे, पण ती मोजता येते. माझ्या अनुभवातली सांगते.

पहिली कटकट "ऱ्य" आणि "ऱ्ह"ची. कऱ्हाडकर हे आडनाव घ्या. यातला अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात अक्षरं साठवायच्या सर्वमान्य पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकात ऱ हे वेगळं अक्षर आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारी जोडखूण. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात. एका कीबोर्डवर नाव भरलं आणि दुसऱ्यावर शोधलं तर सापडत नाही, आणि युनिकोडची नेहमीची सामान्यीकरणाची पद्धत हे दोन एक करून देत नाही. आमच्याकडे एका सभासदाची दोन खाती तयार झाली होती, एकात पावत्या, दुसऱ्यात थकबाकी. साठवण्याआधी तुम्हीच एक रूप ठरवा आणि दुसरं त्यात बदलून घ्या.

दुसरी आकड्यांची. बाई ५०० टाइप करेल, तिच्या फोनवर ते देवनागरी येतील आणि तुमचा प्रोग्राम ती रक्कमच मानणार नाही. दोन्ही अंक घ्या. तिसरी यादीच्या क्रमाची. युनिकोडच्या क्रमात ज्ञानेश्वरी ज मध्ये जाते, शाळेत शिकलेल्या क्रमात ज्ञ शेवटी येतो. गटातल्या बायकांनाच विचारा, त्या कुठे शोधतात ते बघा आणि तसं ठेवा.

गटाची वही वर्षानुवर्षं मराठीत लिहिली गेलीये. ती वही शेजारी ठेवून पडदा आखा. रकान्यांची नावं त्यांचीच घ्या.

मी एकटाच आहे. उद्या मला काही झालं तर गिऱ्हाइकांचं काय? (पनवेल)

हा प्रश्न तुम्ही विचारलात याचं मला फार बरं वाटलं. मी बारा वर्षं विचारला नव्हता.

एप्रिल २०२१ मध्ये मी एकोणीस दिवस रुग्णालयात होते. त्याच दिवसांत कळव्याच्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरची हार्डडिस्क गेली. वर्षअखेरीचं काम चालू होतं. बॅकअप त्यांच्याकडे होता, पण सॉफ्टवेअर नव्या मशीनवर टाकायला लायसन्स की लागायची आणि ती फक्त माझ्या कॉम्प्युटरवर तयार व्हायची. सहकाऱ्याला पासवर्ड माहीत नव्हता. १४० सदनिकांची बिलं सेक्रेटरींनी हाताने लिहिली. लॉकडाउनमध्ये, तोंडाला मास्क लावून, एकट्यांनी.

घरी आल्यावर आधी मी ते कुलूप काढलं. आता सॉफ्टवेअर कीशिवाय चालतं. चोरी थोडी होत असेल, मला चालते. मग डेटा माझ्या स्वतःच्या बंदिस्त फाइलमधून एसक्यूलाइट या डेटा साठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हलवला. रिचर्ड हिप यांनी २००० साली सुरू केलेलं हे काम मोजकी माणसं करतात. ते कोणाच्याही मालकीचं नाही, २०५० पर्यंत सांभाळण्याचं त्यांनी जाहीर केलंय, आणि अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने डेटा जपण्याच्या शिफारशीच्या प्रकारांत ते धरलंय. मी नसले तरी ती फाइल दुसरा कोणीही उघडू शकतो. शिवाय एका बटणावर सगळा हिशेब साध्या तक्त्यात आणि टॅलीत घेता येईल अशा रूपात बाहेर काढता येतो.

आणि एक पाकीट. ते माझ्या सीएकडे असतं. त्यात सोर्स कोडचा पेन ड्राइव्ह, पासवर्ड आणि दोन पानी पत्र असतं. मी सलग साठ दिवस उपलब्ध नसेन तर गिऱ्हाइकांना कोड वापरायची आणि दुसऱ्याकडून दुरुस्त करून घ्यायची परवानगी त्या पत्राने मिळते. दर १ एप्रिलला पाकीट बदलते. मानपाड्याच्या वाचकांनी त्या संकुलाला हेच सुचवावं.

गेल्या दिवाळीत मी दोन दिवस फोन बंद ठेवला आणि सहकाऱ्याला सांगितलं की फक्त पाकिटातल्या वस्तूंवर कोऱ्या मशीनवर सगळं उभं कर. तिला साडेपाच तास लागले. पत्राच्या दुसऱ्या पानावर ती अडली, कारण तिथे एक पायरी मी लिहिलीच नव्हती. माझ्या हाताला ती इतकी सवयीची होती की पायरी आहे हेच माझ्या लक्षात आलं नव्हतं. आता ती तिच्या अक्षरात लिहिलेली आहे. तुमचं पाकीट तयार झालं की तेही असंच कोणाकडून तरी उघडवून घ्या, आणि त्या वेळी तुम्ही खोलीत थांबू नका.